मागच्या बादलीतले झिंगे

"रविवारी एक दिवस शहापूरले जाशील काय वं, मावशीकडे?" आईनं विचारलं आणि विचारता विचारता माझ्याकडे पाठ करून गॅस बारीक केला. गॅस बारीकच होता. मी चहात बिस्कीट बुडवून बसले होते, ते तुटून तळाशी गेलं. रविवारी लाखांदूरकडचे पाहुणे आमचं घर पाहायला येणार होते. मुलगी माझ्या धाकट्या भावाला, जीवनला, पसंत होती, जीवन मुलीला पसंत होता, आता मुलीकडच्यांनी येऊन घर, अंगण, संडास आणि घरातली माणसं पाहून जायचं तेवढं बाकी होतं. मी विचारलं, "माझ्याबद्दल काय सांगतलं त्यायले?" आई म्हणाली, "सांगतलं, मोठी पोरगी शहापूरले राहते म्हणून. नोकरीपायी." घ्या! माझी नोकरी भंडाऱ्यात, घर भंडाऱ्यात, माझी गादी, उशी, दात घासायचा ब्रश भंडाऱ्यात, आणि मला एका फोनवर उचलून हायवेवरच्या शहापूरला नेऊन ठेवलं होतं. "अन् लग्नात काय सांगशील? तवाबी शहापूरलेच ठेवशील काय मले?" "तवाचं तवा पाहू," आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते बापा. एकदा पक्कं होऊ दे, मंग कोणी काही म्हणत नाही." मी माझी मूठ पाहिली, निवत चाललेला चहा पाहिला, आणि उठून समोरच्या खोलीत काचेच्या टाकीपाशी गेले.

मला कोड आहे. आधीच सांगून टाकते, मागाहून कोणी मध्येच 'अरेरे' करायला नको. अकराव्या वर्षी डाव्या करंगळीवर पहिला ठिपका आला, तांदळाच्या कणीएवढा. आता एकोणतिसाव्या वर्षी डावा हात मनगटाच्या वरपर्यंत पांढरा आहे, उजव्यावर तीन बेटं आहेत, खालच्या ओठाच्या कोपऱ्यात एक आहे. दुखत नाही, खाजत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. आणि काम मी असं शोधलं आहे की हात लपवायची सोयच नाही. कचेरीजवळच्या एका केंद्रात आधारकार्डं करते, म्हणजे दिवसभर परक्या माणसांची बोटं धरून मशीनवर दाबते. जन्मभर धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या आहेत अशा म्हाताऱ्या येतात, मशीन त्यांना धरतच नाही. मग मी ओल्या फडक्यानं बोट पुसते, दाबते, पुन्हा पुसते. काही जणी माझा हात पाहून आपला काढून घेतात. काही विचारतात, "भाजलं काय वं बाई?" केशरबाई नावाची एक आली होती, पाच वेळा मशीननं तिला नापास केलं, तेव्हा ती माझ्या हाताकडे पाहत म्हणाली, "तुह्या हाताले रंग नाही, माह्या हाताले रेषा नाही. आपण दोघीबी पास होत नाही, बाई." आणि फसकन हसली. मीही हसले. तिचं कार्ड त्या दिवशी झालं नाही, पण दिवस चांगला गेला.

टाकीत झिंगे होते. हो, झिंगेच, अर्ध्या बोटाएवढे, गोड्या पाण्यातले, लालभडक. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पहिलं हेच विचारतो, "खायचे काय?" आमच्या जिल्ह्यात तलाव इतके की झिंगा म्हटलं की माणसाला कढई दिसते, त्यात त्याचा काय दोष. तीन वर्षांपूर्वी मी नागपूरहून दहा आणले होते, त्याचे शंभरावर झाले. संध्याकाळी केंद्रातून आलं की मी खुर्ची ओढून टाकीपुढं बसते आणि त्यांचं चाललेलं पाहते. ते सतत खात असतात. दोन पुढचे पाय इवल्याशा झाडूसारखे दगडावर फिरवत राहतात, कुठं जायची घाई नाही. कात टाकली की रिकामं कवच पाण्यात तरंगतं, सगळे पाय, मिशा, डोळ्यांच्या वाट्या जशाच्या तशा. आई पहिल्यांदा पाहून ओरडली होती, "मायबाई, मेला वं एक!" नागपूरच्या चंद्रकुमार नावाच्या गृहस्थानं झिंगेवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला आहे, त्याला मी कधी पाहिलं नाही, पण तीन वर्षं त्याचं ऐकत आले. त्याचा नियम एकच, लाईन म्हणजे रंगाचा वाण शुद्ध ठेवायचा: फिका, पट्ट्यांचा, मातकट, पारदर्शक पायांचा झिंगा दिसला की जाळीनं उचलून बाहेर काढायचा. राहू दिला तर त्याची पिल्लं येतात आणि चार पिढ्यांत सगळी टाकी ओढ्यातल्या झिंग्यांच्या रंगावर जाते. लोक काढलेले झिंगे माशांना खाऊ घालतात. माझ्याच्यानं ते झालं नाही. मी मागच्या अंगणात पपईखाली एक बादली ठेवली आणि नकोसे झिंगे तिच्यात टाकत गेले. पुढं बादली पुरेना म्हणून प्लास्टिकचा अर्धा ड्रम आणला, पण नाव बादलीच राहिलं. मला वाटायचं, आपण किती दयाळू. चंद्रकुमार ग्रुपवर माझ्या टाकीचा फोटो टाकून लिहायचा, "भंडाऱ्याच्या मॅडमची लाईन पाहा, एक डाग नाही." आणि मी, हे हात असलेली मी, त्या वाक्यानं दिवसभर खूश राहायची. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या मंगळवारी, शहापूरचं ऐकून टाकीपुढं बसले तेव्हा ती दिसली. झिंगी म्हणते मी तिला, कारण पोटाखाली अंडी होती. पिकल्या मिरचीसारखी लाल, आणि त्या लालात मध्येच बिनरंगाचे तुकडे. एक डोक्यावर, एक पाठीच्या मधोमध खोगिरासारखा, आणि शेपटीचं टोक तर पुरतं कोरं. पाठीवरच्या तुकड्यातून तिचं आतलं दिसत होतं, काळसर धाग्यासारखं आतडं आणि एक बारीक थरथर. अंडी पिवळसर होती आणि ती पोटाखालच्या पायांनी त्यांना सारखा वारा घालत होती. इतके दिवस ही कुठं होती कोण जाणे, कात टाकली की रंग बदलतात कधीकधी. सवयीनं मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मिनिटाच्या आत चंद्रकुमारचं उत्तर आलं, "मॅडम, लवकर काढा. अंडी फुटली तर लाईन गेली समजा." खाली तिघांनी होकाराचे अंगठे टाकले. मी जाळी घेतली आणि पाण्यात घातली. आता कोणी म्हणेल, हिला त्या झिंगीत आपलाच हात दिसला असेल. काही दिसला नाही. झिंगा झिंगा असतो, त्याला कोड होत नाही आणि त्याच्या भावाचं लग्न ठरत नाही. मला दिसली ती माझ्या हातातली जाळी. ती झिंगीच्या मागून किती सफाईनं चालली होती! तीन वर्षांचा सराव. आत आई कपबशा विसळत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या, आणि मला वाटलं, हिची आणि माझी जाळी एकाच दुकानातली आहे. मी जाळी बाहेर काढली, झटकली, आणि ग्रुपवर लिहिलं, "राहू द्या. समोरच राहील." चंद्रकुमारनं विचारलं, "काहून मॅडम?" मी लिहिलं, "माझी टाकी." मग ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला.

आईला मी वाईट म्हणणार नाही. कोणी म्हटलं तर त्याच्याशी भांडेन. माझा ठिपका आला त्या वर्षी कोणीतरी बाबांना सांगितलं की तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पोरीला उपाशीपोटी पाजा, रंग परत येतो. बाबा पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. त्याच दिवशी ते बाजारात गेले आणि भांड्याच्या दुकानातून तांब्याची मोठी गुंड सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आले. दहा लिटर पाणी मावतं तिच्यात. ती उन्हात अशी चमकत होती की गल्लीतल्या बाया बाहेर येऊन पाहू लागल्या. तेव्हापासून अठरा वर्षं आई रोज संध्याकाळी ती चिंचेनं घासते, नळाचं पाणी भरते, वर झाकण ठेवते, आणि सकाळी मला दोन पेले देते. ताप असो, पेपर असो, बाबांची मयत असो, दोन पेले चुकले नाहीत. गुंड उजळत गेली आणि मी पांढरी होत गेले. बाबांचा स्वभाव तिखट होता. एकदा त्यांची चुलत बहीण उषाबाई चार दिवस राहायला आली आणि जेवताना तिनं माझा पेला उचलून हळूच खिडकीत वेगळा ठेवला. बाबांनी ते पाहिलं. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. "आपल्या आज्याले लोक वरून ओंजळीत पाणी पाजत होते, ते विसरली काय तू? अन् आता माह्या घरात माह्या पोरीचा पेला अलग ठेवतं?" एवढं बोलून त्यांनी खिडकीतला माझा पेला घेतला आणि त्यातलं उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. उषाबाई दुसऱ्या दिवशीच्या बसनं गेली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पेल्याच्या त्या दिवशी आईनं मला फक्त आणखी भात वाढला होता.

संध्याकाळी मी आईला हाक मारून झिंगी दाखवली. काहून दाखवली? टोचायला, दुसरं काय. मंगळवारी सकाळचा राग संध्याकाळपर्यंत चांगला मुरला होता. आई चष्मा लावून काचेला नाक लावून पाहत राहिली. "मायबाई, इलेबी?" "होय, इलेबी," मी म्हटलं, "सांग, हिले कोनच्या गावाले पाठवू?" आईनं ते ऐकलं की नाही ऐकलं, कळलं नाही. ती झिंगीच्या पाठीवरच्या तुकड्याकडे बघत होती. "पोटुशी दिसते वं. ओषध नाही काय याले?" "हा रोग नाही आई. रंगच तसा आहे तिचा." "रंग कुठं आहे, रंग तं गेला ना तिचा," आई म्हणाली आणि पदरानं काचेवरची आपली वाफ पुसली. बुधवारपासून घरात शहापूरची गोष्ट निघाली नाही. आईनं मावशीला द्यायला लोणच्याची बरणी भरून ठेवली, माझा लांब बाह्यांचा कुर्ता इस्त्री करून खुर्चीवर घातला, म्हणजे तिच्याकडून पक्कं होतं. जीवन येता जाता माझी नजर चुकवत होता. गुरुवारी मीच त्याला अडवलं. तो मोटारसायकलची किल्ली फिरवत म्हणाला, "ताई, मी तं आईले काही म्हटलंच नाही, हं." मी म्हटलं, "तेच तं. तू काहीच नाही म्हटलं." त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे.

शनिवारी केंद्र दुपारी बंद झालं. घरी आले, चपला काढल्या, आणि दारातूनच कळलं की टाकीत काही हलत नाही आहे. झिंगे रोज काचेवर चढलेले असतात, दगडावर, शेवाळात. आज सगळे तळाशी होते. काही आडवे पडून पाय हलवत होते, एक दोन वेड्यासारखे वरपर्यंत पोहून पुन्हा खाली कोसळत होते. बाकीचे मेलेले. मेल्यावर झिंग्याचा रंग उडतो, उकडल्यासारखा फिकट गुलाबी होतो. शंभर झिंगे, सगळे एका रंगाचे. चंद्रकुमारला अशी लाईन जन्मात पाहायला मिळाली नसती. ती झिंगी दगडाच्या कडेला होती, अंडी अजून पोटाखाली होती, आणि तिचे डाग गेले होते. पाठीवरचा कोरा तुकडा, शेपटीचं टोक, सगळं बाकीच्या अंगाशी एकसारखं झालं होतं. मी पाण्यात हात घातला आणि पाहिलं की पाणी काठोकाठ भरलेलं आहे. सकाळी चार बोटं कमी होतं.  "आई! टाकीत पाणी कोणं टाकलं?"

आई मागच्या दारातून आली, हात पुसत. "मीनं टाकलं. काहून?" मग तिनं टाकीकडे पाहिलं. "काय झालं वं यायले?" "कोनतं पाणी टाकलं?" "गुंडीतलं," आई म्हणाली, "तुह्यासाठी भरते ते. बुधवारपासून टाकून राहिली थोडं थोडं मगानं, वाफ होऊन कमी होते म्हणून. आज जरा जास्त टाकलं." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "मले वाटलं, लहान जीव आहे, त्याले लवकर गुण येईन. तुले येऊन नाही राहिला, तिले तरी येईन." तांबं म्हणजे झिंग्यांना विष. ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी चंद्रकुमारनं सांगितलं होतं, एक थेंबही नको. मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. टाकीत तांब्याचं पाणी कोण कशाला टाकेल, असं वाटलं होतं मला, ज्या घरात अठरा वर्षं तेच पाणी औषध म्हणून भरून ठेवतात त्या घरात! मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, भैताड म्हटलं, घर आहे का दवाखाना म्हटलं, आणि शेवटी म्हटलं, "तांबं जहर असते त्यायले, जहर!" आई सोफ्याच्या कडेला बसली. तिचा चेहरा असा झाला की मी गप्प झाले. "अन् तुले?" तिनं विचारलं. "तुले मी अठरा वर्षं पाजलं ना वं ते." "मले काही होत नाही आई. माणसाले होत नाही." "फायदा?" मी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं. "नाही आई. फायदाबी होत नाही." आई आपल्या बोटांकडे पाहू लागली. चिंचेनं घासून घासून तिच्या बोटांच्या पेरांना कायमच्या चिरा पडल्या आहेत.

मी मागच्या अंगणात गेले, रडायला. रडू आलं नाही, नुसताच राग आला, आणि तोही धड कोणावर ते कळेना. एक विचार डोक्यात घोंगावत होता: चंद्रकुमारचं ऐकून तिला मंगळवारीच बादलीत टाकली असती, तर ती जिवंत असती. समोर ठेवली म्हणून गेली. म्हणजे आईचं खरं की काय? झाकून ठेवलेलं वाचतं, आणि समोर आलं की कोणी ना कोणी बरं करायला धावतं? शहापूरची नऊची बस, मावशीचं लोणचं, लांब बाह्या, आणि सगळे सुखरूप. हा विचार मी पुरता करून पाहिला, पपईच्या बुंध्याला टेकून. मग म्हटलं, चल गं, मेली ती विषानं मेली, समोर राहून नाही मेली. मी वाकून ड्रमवरचं पोतं बाजूला केलं. खोटं नाही सांगत, तीन वर्षांत त्या ड्रमात मी कधी नीट पाहिलं नव्हतं. यायचं, नकोसा झिंगा सोडायचा, पोतं ओढायचं, निघायचं. डास होऊ नयेत म्हणून बघायचं तेवढंच. आता उन्हाची तिरीप पाण्यात पडली आणि तळ हलला. झिंगेच झिंगे! मी टाकलेले असतील साठ सत्तर, त्यांनी आपापसात संसार मांडून किती केले ते मोजायची सोय नव्हती. आणि रंग? एकाच्या तपकिरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळी रेघ. एक शेवाळी, त्याच्यावर वाघासारखे आडवे पट्टे, पण निळसर. एकाचं डोकं लाल आणि बाकी अंग पाणी. एक काळा, त्याच्या दोन्ही कुशींना तांबूस धूळ शिंपडल्यासारखी. एक अर्धा इकडून वेगळा, अर्धा तिकडून वेगळा. ग्रुपमध्ये प्रत्येक रंगाला इंग्रजी नाव असतं, ह्यांच्यातल्या एकालाही नाव नव्हतं. दगडावर फिरत सगळे आपले खात होते, घाई नाही, तक्रार नाही. मी ड्रमाच्या कडेला बसले आणि तेव्हा मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. मग नाक पुसलं आणि कामाला लागले.

दिवस मावळेपर्यंत मी टाकी रिकामी केली. तोवर एकही हलत नव्हता; मेलेले झिंगे पपईच्या मुळाशी पुरले, झिंगीला वेगळा खड्डा केला, कोणाला काय त्याचं. रेतीत तांबं मुरून बसतं म्हणून रेती गल्लीत फेकली. काच सात वेळा धुतली. ड्रमातलंच पाणी, ड्रमातलेच दगड, ड्रमातलंच शेवाळ आणून टाकलं, आणि मग जाळीनं झिंगे उचलून आणले, पाच पाच, सहा सहा. तीच जाळी, उलट्या दिशेनं चाललेली. जीवन बाहेरून आला, दारात थांबला, पाहत राहिला. "ताई, उद्या तू जाऊन राहिली काय?" "नाही." "आईले सांगतलं?" "ताकाले जाऊन भांडं लपवायले मी काही बसली नाही, जीवन. तुले सांगायचं आहे तं तू सांग."  त्यानं बाह्या सरसावल्या आणि ड्रमाच्या दुसऱ्या बाजूला बसून दगड देऊ लागला. आई त्या संध्याकाळी गुंड घासायला बसली नाही. मागच्या पायरीवर ती पालथी पडलेली होती.

रविवारी सकाळी नऊची बस गेली. आम्ही तिघंही घड्याळाकडे पाहत नव्हतो. लांब बाह्यांचा कुर्ता खुर्चीवर तसाच होता, मी अर्ध्या बाह्यांचा पिवळा घातला. आई माझ्याशी बोलली नाही, मी तिच्याशी नाही. ती पोहे करत होती आणि मला तिच्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं. आदल्या दिवशीचं गढूळ पाणी बसून निवळलं होतं, फक्त टाकी दोन बोटं कमी भरली होती. साडेदहाला बाहेर गाडी थांबली. तेवढ्यात शेवाळाचा दगड कलंडला, त्याखाली एखादा दबेल म्हणून मी डावा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, आणि तशीच असताना पाहुणे आत आले. मुलीचे वडील मधुकरराव, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मागून त्यांची थोरली बहीण सीताबाई. जयभीम झालं, बसा झालं, भिंतीवरचे फोटो पाहून झाले. मधुकररावांची नजर टाकीवर आली. "हे झिंगे होय ना? आमच्या तलावात मायंदाळ असतात. खायचे काय?" "खायचे नाहीत," मी म्हटलं, "पाहायचे आहेत." सीताबाई सरळ टाकीपाशीच आल्या, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकल्या. "अवं बापा, एकासारखा दुसरा नाही! हा पाह्यना मधुकर, याच्या पाठीवर कशी रेघ ओढली!" त्यांचं बोट काचेवरून त्या झिंग्याच्या मागं मागं गेलं आणि माझ्या हातापाशी येऊन थांबलं. पाण्यात आणि काचेतून हात आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, आणि पांढरा जास्त पांढरा. त्या सावकाश सरळ झाल्या. "तू कोण वं बाई?"  जीवन पायांकडे पाहत होता. मग त्यानं मान वर केली, पण त्याच्या आधी मी बोलले. हात पाण्यातून काढला, पुसला नाही. कोपरावरून पाणी फरशीवर ठिबकत राहिलं. "मी रुचिता. जीवनची मोठी बहीण. मी शहापूरले नाही राहत, इथंच राहते. हे कोड आहे, अठरा वर्षांपासून आहे. लागट नाही. अन् हे जाणार नाही, राहणार आहे."

होकार आला की नकार, ते जीवनला विचारा, लग्न त्याचं आहे. मला सांगायचं आहे ते वेगळंच. मधुकररावांनी घसा साफ केला, सीताबाई माझ्याकडे पाहत होत्या, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई आली. तिच्या हातात पोह्यांचा ट्रे नव्हता, पाहुण्यांचं पाणीही नव्हतं. न्हाणीतला लाल प्लास्टिकचा मग होता, तोंडापर्यंत भरलेला. पाहुण्यांच्या मधून, त्यांच्या गुडघ्यांना पदर घासत, ती टाकीपर्यंत आली, माझा ओला पांढरा हात सगळ्यांसमोर आपल्या हातात धरला आणि त्यात मग दिला. "टाक वं रुचे, कमी आहे तुह्या टाकीत," ती म्हणाली. मी मगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कालपासून भरून ठेवलं आहे," आई म्हणाली, "प्लास्टिकच्या बादलीत."